हिरवं बटण

गिटार म्हणावी तर तिला तार नाही, आणि खेळणं म्हणावं तर ती घरात आली डॉक्टरच्या सांगण्यावरून. नागभीडच्या सोमाजीला कोणी आधी सांगितलं असतं की म्हातारपणी तू टीव्हीपुढे बसून प्लॅस्टिकची गिटार कुटशील, तर त्याने त्या माणसाला दारातूनच हाकललं असतं.

उभी हयात त्याने पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत पायपेटी वाजवली. पायांनी भाता चालवायचा, दोन्ही हातांनी सूर काढायचे आणि नायिकेच्या आधी बायाबापड्यांना रडवायचं, हा त्याचा धंदा. होळी झाली आणि त्याला लकवा मारला. डावी बाजू गेली. पाय परत आला, हातही हळूहळू परत आला. अंगठ्याशेजारचं एक बोट मात्र बधिरच राहिलं. ते हलायचं, पण त्याने काही दाबलं की नुसतं टेकलं, हे सोमाजीला कळत नसे. स्वतःच्याच बोटाची खबर स्वतःला नाही, यासारखी चीड आणणारी गोष्ट दुसरी नाही.

मुलगा स्वप्निल पुण्याला नोकरीला. डॉक्टरने बोटं चालवायला सांगितल्यावर त्याने हा व्हिडिओ गेम आणून जोडून दिला. टीव्हीवर इंग्रजी गाणं लागायचं (गाणारे रडताहेत की भांडताहेत, देवच जाणे) आणि रंगीत मणी वरून खाली घसरत यायचे. ज्या रंगाचा मणी, त्या रंगाचं बटण गिटारीच्या दांड्यावर डाव्या हाताने दाबायचं आणि उजव्या हाताने पट्टी हलवायची. जमलं तर मणी फुटतो, चुकलं तर यंत्र खर्र करून नाक मुरडतं. हिरवं बटण नेमकं त्या बधिर बोटाखाली यायचं.

खरी पायपेटी त्याच खोलीत चादरीखाली होती. तिला सोमाजीने आजारपणानंतर हात लावला नव्हता. टीव्हीसमोर हरलं तर लाज नव्हती. पायपेटीसमोर हरायची त्याला भीती वाटत होती. म्हणून त्याने मनाशी ठरवलं, यंत्राला कोणाची भीड नाही, तेच काय ते सांगेल. हिरवा मणी फुटला तर दिवाळीनंतर नाटक कंपनीबरोबर जायचं. नाही फुटला तर पायपेटी पवनला देऊन टाकायची. पवन म्हणजे कंपनीने त्याच्या जागी पाहून ठेवलेला नवा वादक. तो शनिवारी उत्तर घ्यायला येणार होता.

आणि हिरवा मणी काही फुटेना.

सकाळी आंघोळ करून सोमाजी बसायचा. लाल फुटायचा, पिवळा फुटायचा, निळाही कधीमधी. हिरवा आला की खर्र. दुपारी मुलगी रीता कॉलेजातून यायची, तीच गिटार घ्यायची आणि हिरवे मणी फटाफट फुटायचे.

"बाबा, गिटार तं बराबर हाये," ती हळूच म्हणायची. पुढचं बोलायची नाही, पण सोमाजीला ते ऐकू यायचं.

त्याने स्वप्निलला फोन लावला. स्वप्निलने वायर काढून परत लावायला सांगितली. लावली. गेम बंद करून चालू करायला सांगितला. केला. बटण कापडाने पुसायला सांगितलं, तेही केलं.

"पाणीबिनी तं नाई गेलं ना त्याच्यात?" स्वप्निलने विचारलं.

"पानी कुठून जाईन? तुही आई त्याले देवासारखी जपते," सोमाजी खेकसला.

बुधवारी तर कमालच झाली. सकाळी लाइन गेली, ती दुपारी आली. सोमाजी कंटाळून तेव्हा बसला आणि पहिलाच हिरवा मणी फुटला. दुसरा फुटला. तिसराही! त्याने बायकोला, देवकाबाईला, हाक मारून दाखवलं. ती बिचारी पदराने डोळे पुसायला लागली. गुरुवारी सकाळी पाहावं तर पुन्हा खर्र.

आता मात्र त्याचं डोकं चक्रावलं. बोट सकाळी मरतं आणि दुपारी जिवंत होतं की काय? सकाळच्या गारव्यानं असेल म्हणून त्याने शुक्रवारी बोट चुलीपाशी शेकलं. खर्र. व्होल्टेज कमी असेल म्हणून पंखा बंद केला. खर्र. घाम तेवढा फुटला. शेवटी त्याने गिटार खाटेवर टाकली आणि भिंतीकडे तोंड करून पडला. बुधवारी यंत्र गमतीनं खोटं बोललं असावं, असंच त्याला वाटायला लागलं.

शनिवारी सकाळीच पवन आला आणि ओसरीवर चहा पीत बसला. पोरगा भला होता. चादरीखालच्या पायपेटीकडे पाहायचंही टाळत होता. सोमाजी एकदा शेवटचं वाजवून पाहतो म्हणून आंघोळीला गेला आणि टॉवेल विसरला म्हणून अर्ध्यातून परत आला.

देवकाबाई गिटारीपुढे बसली होती. शेजारी तांब्या, वाटीत पाण्यात कालवलेलं कुंकू. तिने हिरव्या बटणावर कुंकवाचं बोट टेकवलं, चांगलं दाबून. मग दूर्वा तांब्यात बुडवून त्यावर पाणी शिंपडलं. उरलेलं कुंकू पदराने अलगद टिपलं, वरून कोणाला दिसू नये इतकं.

"तेवढं एक बोट दे, बाप्पा," ती पुटपुटत होती. "बाकी कायी मांगत नाई."

सोमाजी दारातच थिजला. सकाळी ओलं, दुपारपर्यंत सुकलेलं. ओलं असलं की बटण वरच अडकायचं, पुरतं दबायचंच नाही, आणि बधिर बोटाला ते कळायचं नाही; सुकलं की सुटायचं. सगळा हिशेब जुळला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अवं, हे रोज करतं का तू?"

ती दचकली. "रोजच तं. तुमीच सांगतलं होतं ना, वाद्याले कुंकू लावल्याबिगर हात लावू नाई म्हनून."

सांगितलं होतं खरं. नवी नवरी असताना तिने पायपेटी नुसतीच पुसली, तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं होतं.

"मंग हिरव्यालेच काऊन?"

"त्याच्यावरच तं बसते ना तुमचं ते बोट."

सोमाजीला ओरडायचं होतं. पण ओरडायचं कोणावर? आठवडाभर तो ज्याला आपलं मरण समजत होता, ती बायकोची माया होती. या गोष्टीवर हसावं की रडावं हे त्याला कळेना, म्हणून तो दोन्ही करत खाली बसला.

"बटनाले नको लावू," त्याने बधिर बोट तिच्यापुढे धरलं. "याले लाव."

तिने लावलं. सोमाजी उठला, पायपेटीवरची चादर ओढून काढली आणि बसला. ओसरीवर पवन कप हातात घेऊन उभाच राहिला. सोमाजीने पायांनी भाता चालवला, डावा हात उचलला आणि ते एक बोट खाली आणलं. बोटाला काहीच कळलं नाही. पण खोलीभर सूर उठला, भरघोस, लांबलचक, आणि पाय थांबेपर्यंत तो थांबला नाही.

त्याने बोट उचललं. पांढऱ्या पट्टीवर कुंकवाचा ठसा उमटला होता.

"सोमाजीभाऊ," पवन दारातून म्हणाला, "कंपनीले काय सांगू जी?"

"पेटी येते म्हनून सांग," सोमाजी म्हणाला. "अन् संगं मी बी येतो."

देवकाबाई पट्टी पुसायला पदर घेऊन पुढे झाली. त्याने तिचा हात धरला आणि तो ठसा तसाच राहू दिला.