चार बाकांची वाट
प्रार्थना भरात आली होती. तेवढ्यात माझा नवरा इसाक बाकावरून उठला आणि सगळ्या गावादेखत त्याने स्टीनाच्या गळ्यात हात टाकले.

तोर्निओ नदीच्या काठाला नवे उपदेशक आले, तेव्हापासून आमच्यात ही रीत पडली. गुत्तेवाल्याने दारूची पिंपं नदीत ओतली आणि ज्याचा अपराध केला, त्याच्या गळ्यात हात घालून क्षमा मागायची असं ठरलं. स्टीना माझ्या घरची जुनी मोलकरीण. एका हिवाळ्यात इसाक नशेत तिला बर्फात विसरून घसरगाडी घेऊन घरी आला. तिच्या पायाची दोन बोटं गेली. क्षमा तिचीच मागायची, एवढं मलाही कळतं. पण "स्टीनाच्या प्रार्थनेनं इसाक सुधारला," असं बायका बोलायला लागल्या आणि माझ्या पोटात निखारा पडला. एकोणीस वर्षं त्याच्या उशाशी ओकारीची बादली मी ठेवली, स्टीनाने नाही.

"नशीबवान गं तू," शेजारची मार्गेता म्हणाली. "आयता साधू मिळाला."

"आयता तिला मिळाला. मला धुऊन घ्यावा लागला."

सोमवारी मी जवाच्या कोठीत दडवलेली त्याची बाटली काढली आणि न्याहारीच्या माशाशेजारी मांडली. पुन्हा पिऊन पडू दे म्हटलं. पडला तर उचलायला मीच लागेन.

इसाक बघत राहिला. मग त्याने बाटली माझ्याकडे सरकवली.

"एक राहिली होती होय? मीच कुठं तरी दडवली असणार. तूच ओत, ब्रीता. माझ्या हाताचा भरवसा नाही."

मी ती बादलीत रिकामी केली. नाकात वास भरला आणि जिभेवर आलंच, "तिची क्षमा मागितलीत. माझी?"

"तिचा एकच अपराध केला, तो सांगता येतो," तो खाली मान घालून म्हणाला. "तुझे कुठून सुरू करू?"

बाटली कशासाठी मांडली होती, ते मी बोलले नाही. 

रविवारी प्रार्थनेत मी उठले. इसाक बसला होता ती पुरुषांची बाजू चार बाकं पलीकडे होती. वाटेत बसलेल्या स्टीनाला वाटलं, मी तिच्याकडेच आले. तिने दोन्ही हात पसरले.

"तुझ्याकडे नाही गं," मी म्हटलं. "सरक जरा."

तिने हात मांडीवर ठेवले आणि तो अधू पाय हळूच बाकाखाली ओढून घेतला.