चौतीस सह्यांचं चित्र

कलकत्त्यातल्या मराठी माणसांच्या मंडळाचं एक हस्तलिखित निघत असे. नाव 'हुगळीकाठ'. वर्षाला अंक एक आणि अंकाची प्रतही एकच. दिवाळीत तो बागबाजारातून निघे आणि बराकपूरच्या छावणीपासून बजबजच्या तेलाच्या डेपोपर्यंत चौतीस घरं फिरून फाल्गुनात परत येई. प्रत्येक घराला चार दिवस. पहिल्या पानावर घरांची यादी चिकटवलेली असे. वाचून झालं की आपल्या नावापुढे सही करायची, शेवटच्या कोऱ्या पानांवर अभिप्राय लिहायचा आणि यादीतल्या पुढच्या घरी अंक नेऊन द्यायचा, असा रिवाज होता. सही करायला कोणी कधी विसरलं नाही.

संपादक होते सदाशिवराव चौबळ. ते बंदराच्या कचेरीत नकाशे काढत. मजकूर ते सगळ्यांकडे मागत, कोणी वेळेवर देत नसे, मग तीन टोपणनावांनी स्वतःच लिहीत आणि सगळा अंक बोरूने उतरवून काढत. चित्रं त्यांच्या बायकोची, सुहासिनीची. चौदा वर्षं तिने मंडळाला आवडेल ते काढलं होतं. गणपती झाले, समया झाल्या, किल्ले झाले. एका वर्षी तर एकाच अंकात पाच तुळशीवृंदावनं झाली. पंधराव्या वर्षी ती म्हणाली, "यंदा एक पान माझं. त्यावर काय काढायचं ते मी ठरवणार." संपादकांनी मोठ्या मनाने तिला पान पंचेचाळीस दिलं.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये अंक परत आला, तेव्हा सुहासिनी आतल्या खोलीत पलंगावर होती. जानेवारीत डॉक्टरांनी तिचं पोट उघडून आत पाहिलं होतं आणि काही न करता शिवून टाकलं होतं. "घरी न्या, आवडेल ते खायला द्या," असं ते म्हणाले. डॉक्टर खाण्यापिण्याच्या बाबतीत असे उदार झाले की त्याचा अर्थ काय, ते सदाशिवरावांना कळत होतं. तिलाही कळत होतं. दोघांनी एकमेकांना सांगितलं मात्र नव्हतं.

"आला का हो अंक?" आतून आवाज आला.

"आला."

"अभिप्राय वाचा ना. आधी माझ्या चित्राचे."

सदाशिवरावांनी बाहेरच्या खोलीत उभ्याउभ्याच मागची पानं उघडली. 'अंक दर्जेदार.' 'चित्रे मनोवेधक.' 'परप्रांतात मायमराठीची ज्योत तेवत ठेवल्याबद्दल अभिनंदन.' हे वाक्य सहा घरांनी लिहिलं होतं आणि सहाही ठिकाणी शब्द तेच होते. बजबजच्या गुरुदत्त नाडकर्णींनी लिहिलं होतं, 'चौबळांच्या विनोदी लेखाचा शेवट तर फारच बहारीचा. पोट धरधरून हसलो.'

लेखकच तो. आपला बहारीचा शेवट पुन्हा एकदा वाचावा असं त्यांना वाटलं. लेख त्रेचाळीसाव्या पानावर चालू होता, शेवट चव्वेचाळीसाव्यावर. त्यांनी पान उलटलं, तर समोर आलं सेहेचाळीसावं. मागे गेले, त्रेचाळीस. पुन्हा पुढे, सेहेचाळीस. मधलं पान हाताला जाड लागत होतं. चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस ही पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती, कडेपासून कडेपर्यंत, जणू जन्मापासून एकच पान.

चिकटलेल्या भागाला कोणाच्या नखाचाही ओरखडा नव्हता. म्हणजे चौतीस घरांत हे पान कोणी उघडलं नव्हतं. लेख एका वाक्याच्या मध्येच तुटून पुढच्या पानावर शंकरपाळ्यांची कृती सुरू होत होती, त्याचंही कोणाला काही वाटलं नव्हतं. शंकरपाळ्यांना नाडकर्णी पोट धरून हसले होते.

स्वतःच्या लेखाचं दुःख करायला सदाशिवरावांना वेळ मिळाला नाही.

"वाचताय ना?" आतून पुन्हा आवाज.

ते दारात जाऊन उभे राहिले. अंक छातीशी धरलेला. "बराकपूरच्या शकुनवहिनी लिहितात, पान पंचेचाळीसवरचं चित्र पाहून डोळे निवले."

"शकुनने लिहिलंय? तिला घरातलं कॅलेंडर कधी दिसत नाही." सुहासिनी उशीवरून त्यांच्याकडे बघत होती. "आणखी?"

"आणखी खूप आहेत. चहा टाकतो, मग सावकाश वाचू."

त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि आधणाच्या वाफेवर ती दोन पानं धरली. नकाशे काढणाऱ्याचा हात होता. पोलादी पट्टी बारीक सरकवत त्यांनी कागद न फाडता पानं सोडवली. कागद वाचला, चित्र वाचलं नाही. चित्राचा निम्मा रंग उठून समोरच्या लेखावर बसला होता. पंचेचाळीसाव्या पानावर उरले होते हिरवट डाग, एक चौकट आणि मध्ये पांढरे पडलेले चार लांबट चट्टे.

ते चट्टे कशाचे, हे त्यांना आठवेना. आठवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. ते सुहासिनीचं पहिलंच स्वतःचं चित्र होतं. तिने ते दिवाळीच्या आदल्या सकाळी आणून दिलं होतं, त्यांनी अनुक्रमणिका लिहितालिहिता 'छान' म्हटलं होतं आणि अंक दाबून बसावा म्हणून लगेच ट्रंकेखाली सारला होता. रंगात चकाकीसाठी डिंक जास्त होता. चौतीस घरांचा हिशेब करताना त्यांनी पस्तिसावं, स्वतःचं घर धरलंच नव्हतं.

चहाबरोबर त्यांनी अंक नेला. दुसरं काही सुचलं नाही.

सुहासिनी बराच वेळ त्या दोन पानांकडे बघत राहिली. मग हसू आलं तिला. हसण्याने टाके दुखले, तरी हसली. "माझी बोटं तुमच्या लेखावर येऊन बसली. बघा, बरोबर विनोदाच्या जागी."

"बोटं?"

"तुम्ही पाहिलं होतंत ना चित्र?"

"पाहिलं होतं की."

"काय होतं?"

"खिडकी," सदाशिवराव म्हणाले. चौकट दिसत होती, तेवढ्यावरून त्यांनी खडा टाकला.

"कोणाची?"

ते चहा ढवळत राहिले.

"समोरच्या दत्तांची," ती म्हणाली. "आपल्या स्वयंपाकघरासमोरची झिलमिलीची, आडव्या लाकडी पट्ट्यांची खिडकी. अठरा वर्षं आपण इथे राहतो. रोज चार वाजता तिची एक पट्टी उचलली जाते आणि चार बोटं दिसतात. बाई कोण, सून की सासू की आणखी कोणी, मला माहीत नाही. बोटंच दिसतात. अठरा वर्षांत त्यांच्यावर सुरकुत्या आल्या."

"ओलं आहे म्हणून सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं. तुम्ही 'हं' म्हणालात."

सदाशिवरावांनी चमचा खाली ठेवला. विनोदी लेखकांना ऐन वेळी विनोद सुचत नाही. ते म्हणाले, "चूक माझी. मंडळाला सांगतो, अंक पुन्हा फिरवू, पान नवीन—"

"मंडळ राहू द्या. माझी रंगांची पेटी काढा."

"सुहास, आता दगदग नको. कोणासाठी?"

"हिरवा चुकला होता," ती म्हणाली. "साबणाच्या वडीसारखा लावला होता मी. चिकटला ते बरं झालं एका परीनं. पण बोटं बरोबर आली होती हो."

"चुकला हे कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना. आता त्याचं काय करू?"

त्यांनी पेटी काढली. स्वयंपाकघरासमोरच्या खिडकीशी पलंग सरकवला, पाठीशी तीन उशा लावल्या, कचेरीतून रजा घेतली. साडेतीनला ती उठून बसे, चारला समोरची पट्टी उचलली जाई, साडेचारला तिची ताकद संपे. एवढ्या एका तासात काम. रेघा चार दिवसांत झाल्या. बोटांना सहा दिवस लागले. सदाशिवराव जन्मभर नदीच्या गाळाचे आणि धक्क्यांचे नकाशे काढत आले होते, त्यांना वाटे आपल्याला रेघ कळते. बायकोची रेघ त्या बोटांच्या पेरांवरून कशी थबकत जाते, हे पंधरा वर्षांत आपण पाहिलं नाही, हे त्यांनी त्या दिवसांत पाहिलं.

हिरवा काही जमेना. ती कागदाच्या पट्टीवर रंग लावी, समोरच्या खिडकीकडे धरी आणि टाकून देई. एप्रिल लागला. वीज जाई, पंखा थांबे, घामाने उशा भिजत. मग ब्रश तिच्या हातात राहीना, तेव्हा ती सांगू लागली आणि सदाशिवराव मिसळू लागले.

"थोडं पिवळं. थोडं म्हटलं मी, हळदीकुंकू नाही. आता गडद करा. काळा नको हो, काळ्याने मरतो तो. तांबडा घाला."

"हिरव्यात तांबडा?"

"घाला तर. आता बघा तिकडे. आला?"

"आला वाटतं."

"नाही आला. तुम्ही तिकडे बघतच नाही. माझ्याकडे बघता."

त्यावर ते लगेच समोरच्या खिडकीकडे बघू लागत. त्यांना ती हिरवी दिसे. बस, हिरवी. खिडक्यांना देतात तसा रंग. यात शोधायचं काय आहे, हे त्यांना खरंच कळत नव्हतं आणि ते शोधणारी रोज थोडी कमी होत चालली होती.

एका गुरुवारी सकाळी, पेटी उघडायच्या आधीच, सुहासिनी गेली.

निमतल्याच्या स्मशानात बरीच मंडळी आली. शकुनवहिनी बराकपूरहून आल्या आणि रडल्या, खरोखर रडल्या. चांगली माणसं होती सगळी. चित्र पाहत नव्हती, एवढंच.

पंधरा दिवसांनी मंडळाचे चिटणीस जयप्रकाश देवस्थळी भेटायला आले. ते बँकेत अधिकारी होते. बदलीवर आल्यापासून तीन वर्षांत त्यांनी मंडळाला बरीच शिस्त लावली होती.

"सदूभाऊ, रागावू नका, पण हस्तलिखित आता बंद करू या. एक प्रत, वर्षभराचं मरण, आणि वाचतं कोण?"

"कोणी नाही," सदाशिवराव म्हणाले.

देवस्थळींची वाद घालायची तयारी फुकट गेली. "तेच म्हणतो मी. यंदा छापील स्मरणिका काढू. हजार प्रती. आणि वहिनींचं शेवटचं चित्र पानभर घालू. हजार घरांत जाईल. आहे ना एक?"

सदाशिवरावांनी चित्र आणून टेबलावर ठेवलं. देवस्थळी वाकून बघू लागले आणि जरा गप्प झाले.

"बोटं काय काढलीत हो," ते हळूच म्हणाले. "माझी आई अशी दाराची फट धरायची." मग चष्मा पुसून पुन्हा चिटणीस झाले. "पण भोवती कोरं का?"

"हिरवा राहिलाय."

"मग अडचणच नाही! छपाईचा ब्लॉक काळ्या शाईत निघणार. हिरवा लागतोच कुठे? उद्याच पाठवून देतो माणूस."

हजार घरं. पट्टीआडची ती चार बोटं हजार घरांत जातील, त्यांतली निदान पाच-दहा माणसं देवस्थळींसारखी क्षणभर गप्प होतील. सुहासिनीला चौदा वर्षांत एवढं मिळालं नव्हतं. कोणत्याही शहाण्या माणसाने चित्र कागदात गुंडाळून हातात दिलं असतं. सदाशिवरावांनी कागद शोधायला सुरुवातही केली.

मग ते परत येऊन बसले. "नाही देता येणार."

"का?"

"झालं नाही अजून."

"अहो, पण आता कसं होणार ते?" देवस्थळींच्या तोंडून निघून गेलं आणि ते ओशाळले. "म्हणजे... कोणाकडून करून घ्यायचं असेल तर आमच्या बँकेच्या पाट्या रंगवणारा एक बाबू आहे..."

"नको. चहा घ्या."

स्मरणिका निघाली. तिच्यात सुहासिनीचा फोटो आला, काळ्या चौकटीत, खाली दोन ओळी. देखणा अंक होता.

सदाशिवराव पुन्हा कचेरीत जाऊ लागले. साहेबांना सांगून ते दोन तास लवकर सुटत, चारच्या आत ट्रामने घरी येत, आणि चहासुद्धा न टाकता पेटी उघडून खिडकीशी बसत. चित्राला ते हात लावत नसत. तेवढी योग्यता आपली नाही आणि होणारही नाही, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. ते नुसते कागदाच्या पट्ट्यांवर रंग मिसळत. पिवळा, निळा, थोडा तांबडा. समोर धरत, टाकून देत. वासराच्या शेणासारखे हिरवे होत, शाळेच्या फळ्यासारखे होत, दवाखान्याच्या भिंतीसारखे होत. कशासाठी करताय, असं विचारायला घरात कोणी नव्हतं. आणि विचारलं असतं, तर त्यांना सांगता आलं नसतं.

आषाढात, एका उघडिपीच्या दिवशी, चार वाजता ते कागदाची पट्टी हातात घेऊन बसले होते. दत्तांच्या भिंतीवर तिरपं ऊन आलं होतं. पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं की खिडकी हिरवी नाहीच. वरच्या पट्ट्या उन्हाने राखाडी झाल्या होत्या, खालच्या ओलीने काळसर निळ्या, आणि जिथे रोज बोटं टेकत, तिथे रंग घासून जाऊन आतलं तांबूस लाकूड उघडं पडलं होतं, हाताएवढ्या जागेत. हिरवा होता तो या सगळ्यांच्या मधे कुठेतरी, जेमतेम.

"सुहास, अगं—" ते मोठ्याने म्हणाले आणि मागे वळले.

मागे पलंग होता. त्यावर धोब्याकडून आलेले कपडे होते.

थोड्या वेळाने ते पुन्हा खिडकीकडे वळले. ऊन सरकत होतं. आणखी दहा मिनिटं फार तर. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला आणि नवी पट्टी घेतली.

समोर एक पट्टी उचलली गेली.

"जरा थांबा हं," सदाशिवराव पुटपुटले आणि घाईघाईने तांबडा शोधू लागले.