डब्यात काय भरायचं

अर्पितानं मेलेल्या गाडीवानाच्या पायातले जोडे ओढले. एक निघाला, दुसरा अडकला. पडद्यावर ओळ उमटली : ‘पाय सुजला आहे. वेळ लागेल.’ लांबून घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या. तिनं दुसरा जोडा तसाच सोडला आणि हातातला एकटा जोडा घेऊन बाजारपेठेतल्या दुकानदारासमोर उभी राहिली.

दुकानदारानं हसून पूर्ण जोडीची किंमत देऊ केली.

“हे बघ, इथे चुकतंय,” हेडफोनमध्ये विहंग म्हणाला. तो पुण्यात बसायचा. या खेळाचं काम त्याच्या देखरेखीखाली चाललं होतं. “लुटायचा भाग छान जमलाय. ओझं, वेळ, अंगाला न बसणारं चिलखत, सगळं खरं वाटतं. पण तुझा दुकानदार फार भोळा आहे गं. माणूस रक्तानं माखलेला एकच जोडा विकायला आलाय, आणि हा साधं विचारतही नाही.”

“विचारून काय करेल?”

“तेच तर शोधायचंय. खरा दुकानदार काय करतो? तुमचं दुकान आहे ना? भावाला विचार की.”

अर्पिता संख्याशास्त्र शिकलेली. कुणाच्या अंगावर काय सापडेल, किती वेळा सापडेल, याचे तक्ते करणं हे तिचं काम. शेतकऱ्याकडे तलवार नको, सैनिकाकडे खुरपं नको. मालाच्या गोण्या गाडीत मागे असतील, पण शिदोरी गाडीवानाच्या मांडीशीच हवी; भूक लागली की मागे कोण जाणार? या एवढ्याशा गोष्टीसाठी विहंगनं सगळ्या टीमसमोर तिचं कौतुक केलं होतं.

तिनं हेडफोन काढून ठेवले आणि मधलं दार उघडून ती पुढच्या दुकानात आली.

शेखर तेलाचे पिपे फोडून मोठ्या टाकीत ओतत होता. सुट्या तेलाला नाव नसतं. काल सकाळी गावाजवळ हायवेवर तेलाचा ट्रक उलटला होता आणि दुपारपर्यंत अर्धं गाव पिपे उचलत होतं. कुणी मोटरसायकलवर, कुणी डोक्यावर. शेखरनं ओळखीच्याचा छोटा हत्ती टेम्पो मागून नेला होता.

“दादा, चोरीचा माल आला हे समजलं, तर दुकानदार काय करते?”

तेलाची धार हलली. “कायले विचारून राह्यली?”

“खेळासाठी. कामाचं हाय.”

“मंग लिही. दुकानदार विचारत नाई. विचारलं का माल पलीकडच्या दुकानात जाते. तो फक्त भाव पाडते.”

“अन लाजत नाई?”

“लाजते ना. म्हनून तं भाव पाडते.”

तेवढ्यात शेजारच्या शालूबाई कमरेवर पिपा घेऊन पायरी चढल्या. त्यांनी तो धाडकन फळीवर ठेवला.

“शेखरभाऊ, हा घ्या बरं. एक हिवऱ्याले लेकीकडं धाडला, तरी घरात पाय ठेवाले जागा नाई.”

“नाई परवडत आता, शालूबाई. सकायपासून सारं गाव तेलच घेऊन येऊन राह्यलं.”

“पैशे कोन मांगते? बदल्यात बेसन द्या. तेल हाय, पन भजे तयाले काई नाई घरात!”

“अन बेसन संपलं का मंग?”

“मंग आंघोयीले घेऊ तेल,” असं म्हणून त्या स्वतःच खदखदून हसल्या. शेखरही हसला. त्यानं बेसन मोजलं, पिपा आत ओढला.

अर्पिता उभी राहून ऐकत होती. सगळं गाव एकच गाडी लुटतं तेव्हा लुटीला कुणी विचारत नाही, आणि तळायला लागणाऱ्या गोष्टींचा भाव चढतो. हे तिच्या तक्त्यात नव्हतं. विसरायच्या आत लिहून ठेवावं म्हणून ती लगबगीनं आत वळली. आपण खूश झालो आहोत, हे स्वयंपाकघराच्या दाराशी तिच्या लक्षात आलं आणि तिची पावलं मंदावली.

आत सत्यभामाबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. समोर घासूनपुसून लख्ख केलेला एक स्टीलचा डबा. त्याच्या एका बाजूला साखरेची बरणी, दुसऱ्या बाजूला ज्वारीच्या पिठाचं पातेलं. दोन्हींची झाकणं उघडी.

“हा डबा कोणाचा, आई?”

“वाचून पाय ना तूच. मले चष्म्याबिगर दिसत नाई.”

अर्पितानं झाकण उजेडात धरलं. ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं. तिनं मोठ्यानं वाचलं : ‘रुख्मिणीस आईकडून’.

“आपल्यात रुख्मिणी कोनी नाई,” आई म्हणाली. “काल शेखरच्या गाडीत निंघाला. पिप्यायच्या मधात. दोन भाकरी व्हत्या अन वांग्याची भाजी. भाकरीचा पदर अजून नरम व्हता. टाकवलं नाई माह्याच्यानं, गाईले देल्लं.”

“मग आता?”

“आता कोनाचा डबा रिकामा कसा देवाव?” आईनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं काही विचारायलाच नको होतं. नाव कोरलेला डबा ज्याचा त्याच्याकडे जातो आणि परत जाताना त्यात काहीतरी असतं, एवढं या घरात कुणाला सांगावं लागत नसे. “पन डायवर कसा हाय तेच समजत नाई. वाचला असंल तं साखर भरतो. नसंल वाचला, तं त्याच्या घरी गोड कसं धाडाव? मंग पीठच द्या लागंल.”

“कोणाला विचारलं नाही?”

“विचारलं ना. चक्कीवर दयनाच्या लाईनीत विचारलं, पान्याच्या नयावर विचारलं.” आईनं साखरेतला चमचा उगाच फिरवला. “जो थो तेलाचाच भाव सांगते.”

अर्पिता डबा घेऊन परत दुकानात आली. शालूबाई गेल्या होत्या. तिनं डबा फळीवर ठेवला.

शेखरनं तो पाहिला आणि नवा पिपा पुढ्यात घेतला. “तेलासंग आला असंल.”

“तेल मागं असते, दादा. डबा डायवरपाशी असते.”

त्यानं पिप्याला खिळा लावला, वर हातोडी धरली. मारली नाही. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मग शेखरनं उठून शटर अर्ध्यावर ओढलं आणि पिप्यावर बसला.

“पानी मांगत व्हता,” तो म्हणाला. “काच फुटेल व्हती. म्या हात घातला आत. सीटखाली बाटली हाय म्हने. मले दिसत नव्हती, नुसता चाचपून राह्यलो. डबाच लागला हाताले.”

“मग?”

“मंग पोरायनं आवाज देल्ला. गाडी भरली म्हने, चाल लवकर, पोलीस येतीन.” त्यानं तेलकट हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले. “डबा हातातच राह्यला, अर्पू. म्या काई चोरला नाई तो.”

“अन पाणी?”

शेखरनं फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली.

तिच्या खेळात अंगावरच्या वस्तू घेण्याचं बटण माणूस मेल्यावरच दिसायचं. आधी मरण, मग बटण. मधल्या वेळेसाठी तिनं काहीच लिहिलं नव्हतं. विहंगनंही कधी विचारलं नव्हतं.

हायवेवरचे जखमी मेहकरच्या दवाखान्यात नेत; तिनं मोबाईलवर तिथला नंबर शोधला. आई मधल्या दारात येऊन उभी होती. तिनं किती ऐकलं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. हातात चमचा होता.

अर्पितानं नंबर लावला. घंटा वाजू लागली तसा शेखर उठला.

“दे इकडं.”

“मी विचारते, दादा.”

“नाई. दे.”

त्यानं फोन कानाला लावला. पलीकडून कुणीतरी बोललं.

“हॅलो. काल हायवेवरून आनला ना तुमच्याकडं... ट्रकचा डायवर... तो कसा हाय?” तो थांबला. “नाव? नाव नाई मालूम.”

पलीकडचा आवाज वाढला. शेखरनं फळीवरचा डबा उचलला आणि शटरखालून येणाऱ्या उजेडात झाकण तिरपं केलं.

“रुख्मिणी,” तो म्हणाला. “त्याच्या घरचीचं नाव रुख्मिणी असंल. तिच्या मानसाचं विचारून राह्यलो.” मग घसा खाकरून, “मी? मी कोनी नाई. म्हंजे... तिथंच व्हतो मी.”

पलीकडून थांबायला सांगितलं असावं. तो फोन धरून उभा राहिला. आई आत गेली. ओट्यापाशी दोन्ही झाकणं उघडीच होती. तिनं कशालाच हात लावला नाही.