घड्याळ काढायला लागणारा वेळ

"ऐसा नहीं, बेटा. पहले घड़ी उतारने का," आई म्हणाली.

ऋतब्रतचा उगारलेला हात हवेतच राहिला. हा मुलगा कॉलेजच्या प्रत्येक नाटकात राजाच्या मागे भाला धरून उभा असतो. मी त्याला नवऱ्याचं काम दिलं, कारण आमच्या वर्गात बऱ्यापैकी मिशी एकट्या त्यालाच आली होती. सकाळपासून त्याने आईवर नऊ वेळा हात उगारला होता आणि नऊही वेळा तो बस थांबवतोय असं वाटलं होतं.

"घड़ी क्यों, काकीमा?" कॅमेऱ्यामागून तितासने विचारलं. तितास माझी वर्गमैत्रीण. कॅमेरा तिचा, आणि गाणंही तिच्या भावाच्या बँडचं.

"काच फुटती है," आई म्हणाली. "और अपने ही हाथ को लगती है. मारनेवाले को ये सब ध्यान में रहता है."

ऋतब्रतने मनगटावरचं स्मार्टवॉच काढलं. ते एका झटक्यात निघालं. आईने मान हलवली, आतल्या खोलीत गेली आणि बाबांचं जुनं, चामड्याच्या पट्ट्याचं घड्याळ घेऊन आली. "ये पहनो. बकलवाला चाहिए. उसको टाइम लगता है. वो टाइम दिखना चाहिए."

तितास खूश झाली. आमचे सर वर्षभर जे शिकवून थकले, ते एक गृहिणी तिला पाच मिनिटांत शिकवत होती. मला मात्र खाली बघावंसं वाटत होतं, म्हणून मी शॉट लिस्टमध्ये डोकं घातलं.

शेवटच्या सत्राला आम्हाला प्रत्येकी एक म्युझिक व्हिडिओ करायचा होता. कल्पना, स्टोरीबोर्ड, चित्रीकरण, संकलन, सगळं आपलं आपण. गाणं बंगाली होतं, घर सोडून जाणाऱ्या माणसाचं, आणि त्याचे ड्रम असे की जिन्यावरून भांडी गडगडत यावीत. माझ्या प्रस्तावात लिहिलं होतं, 'एका मध्यमवर्गीय घरातली हिंसा.' सरांनी विचारलं, याचा अभ्यास कसा करणार? मी म्हटलं, वाचन करेन. काय मेला निर्लज्जपणा!

कारण मी त्या अभ्यासातच वाढले. बाबा सरकारी बँकेत चीफ मॅनेजर आहेत. दर तीन-चार वर्षांनी बदली. इतर बायका बदलीची गावं मुलांच्या शाळांवरून लक्षात ठेवतात. आईचं तसं नाही. सोलापूर म्हणजे डावा कान. भोपाळ म्हणजे करंगळी, जी अजून सरळ होत नाही. कोलकात्याला आल्यावर तिसऱ्या महिन्यात बरगडी. यातलं एक अक्षरही घरात कधी कोणी उच्चारलेलं नाही. सांगलीला ती वाचनालयात नोकरी करायची, मासिकांवर नंबर घालायची. पहिल्या बदलीत ती नोकरी सुटली. हे मात्र ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

आईला या व्हिडिओत घ्यायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं. ज्या काकू काम करणार होत्या त्यांना आदल्या दिवशी डेंग्यू झाला. मी फोनवर रडकुंडीला आले होते आणि आई पडवळ चिरत होती.

"मी उभी राहते," ती म्हणाली.

"तुला नाही जमायचं, आई."

"काय जमायचंय त्यात? उभंच तर राहायचंय."

बाबा आसनसोलला तपासणीसाठी गेले होते, संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. शनिवार होता. सॉल्ट लेकमधल्या बँकेच्या क्वार्टर्सचा तिसरा मजला, आमचा हॉल. भिंतीवरचे बाबांचे सत्काराचे फोटो आम्ही उतरवून ठेवले. फोडायला गरियाहाटच्या फुटपाथवरून डागी प्लेटा आणल्या होत्या. दिवे भाड्याने घ्यायची ऐपत नसल्यामुळे तितासने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. "आज सूरज ही हमारा लाइट है, कोई खिड़की को हाथ नहीं लगाएगा," असा तिने हुकूम सोडला.

स्लो मोशनची एक गंमत असते. गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, त्या वेगाने अभिनय करायचा, कॅमेरा दुप्पट फ्रेम टिपतो, आणि संकलनात सगळं निम्म्या गतीवर आणलं की गाणं जागेवर येतं आणि माणसं पाण्यात चालल्यासारखी दिसतात. म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी स्पीकरवर तितासचा भाऊ उंदरासारखा चिरकत होता. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा आई तोंडाला पदर लावून हसली. तिला इतकं हसताना मी भोपाळनंतर पाहिलं नव्हतं.

मग ती शिकवायला लागली.

"पहले टीवी का आवाज बढ़ाता है. फिर घड़ी. घड़ी फ्रिज पर रखता है, फेंकता नहीं. बाही नहीं मोड़ता, इस्त्री खराब होती है." ऋतब्रत एकेक गोष्ट करून बघत होता. "और मुँह पे नहीं मारना. सुबह दूधवाला आता है ना, दरवाजा तो औरत ही खोलती है. यहाँ मारना." तिने स्वतःच्या दंडाच्या वर, पदराखाली बोट ठेवलं.

"काकीमा, आपने थिएटर किया है?" तितासने डोळे विस्फारून विचारलं.

"नहीं गं. देखा है बहुत."

"और वो जब घड़ी उतारता है, तब औरत क्या करती है? उतना टाइम है उसके पास."

आईने पदर सारखा केला. "कुछ नहीं," ती म्हणाली. "खड़ी रहती है."

दहाव्या टेकला ऋतब्रत बदलला. त्याने बकल सोडलं, घड्याळ फ्रिजवर ठेवलं, ते सरळ केलं, आणि वळून असा हात टाकला की आई खरंच भिंतीवर आदळली. प्लेटा फुटल्या. भेदरलेला तो मुलगा लगेच तिचे खांदे धरून "लागलं का, लागलं का" असं बंगालीत विचारत सुटला. आई म्हणाली, "अच्छा किया. फिर से करो." तिचे डोळे चमकत होते. आपल्याला येणारी एकुलती एक विद्या कोणाच्या तरी उपयोगी पडावी, तसे. मला तिचा भयंकर राग आला आणि तिला मिठी मारावीशीही वाटली. मी म्हटलं, "रोल."

अकराव्या टेकला लॅच उघडल्याचं कोणालाच ऐकू आलं नाही. उंदीर चिरकत होता. ऋतब्रतने घड्याळ फ्रिजवर ठेवलं तेव्हा बाबा दारात उभे होते, हातात बॅग. तपासणी लवकर आटोपली होती.

ते किती वेळ बघत होते? मला वाटतं, पुरेसा. कॅमेरा समोर होता, तिवई होती, मी हातात क्लॅप घेऊन उभी होते. शेंबड्या पोरालाही कळलं असतं की हे शूटिंग आहे. बाबांना तर त्याहून जास्त कळलं. त्यांनी फ्रिजवरचं घड्याळ पाहिलं, मग आईकडे पाहिलं. मग त्यांनी बॅग खाली ठेवली.

पहिला फटका ऋतब्रतच्या तोंडावर बसला. परक्या मुलाच्या तोंडाला दूधवाल्याचा नियम लागू नव्हता. दुसरा कानाखाली. तो फुटलेल्या प्लेटांवर पडला, हाताने सावरायला गेला आणि तळवा उभा फाटला. बाबांनी त्याच्या पोटात लाथा घातल्या, एक, दोन, मोजल्यासारख्या, आणि मग जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "औरत पे हाथ उठाता है? मेरे घर में?"

ऋतब्रत "काकू, काकू" म्हणत होता; बंगालीत काकू म्हणजे काका. त्याच्या तोंडातून रक्त आणि पुढच्या दाताचा तुकडा आला. कट म्हणायचं काम माझं होतं. मी म्हटलं नाही. सोलापूरपासून जे करत आले तेच मी केलं, उभी राहिले. शेवटी तितास किंचाळली, "कट! कट!" जणू त्या शब्दाने बाबा थांबणार होते.

ते थांबले ते शेजारच्या वासंतीकाकूंचं दार वाजल्यावर. काकू बाबांच्याच बँकेतल्या, मूळच्या साताऱ्याच्या. आत येऊन त्यांनी हा राडा पाहिला आणि बाबांनी दम खात सांगितलं, "मी दार उघडलं आणि कोणीतरी हिच्यावर हात टाकतोय. डोक्यात काही शिरेचना."

"साहजिक आहे हो," काकू म्हणाल्या. "रागाच्या भरात माणसाला सुचतं का काही? शकुन, नशीबवान आहेस बाई."

आई झाडू आणायला गेली होती.

बाबांनी स्वतः ऋतब्रतला डॉक्टरकडे नेलं, टाके घालून आणले, त्याच्या वडिलांची माफी मागितली. इतक्या अदबीने मागितली की त्याचे वडीलच ओशाळले. तीन दिवसांत क्वार्टर्समध्ये या सगळ्याचा एक गोड किस्सा झाला. लिफ्टमध्ये लोक बाबांना हसून म्हणायचे, "साहेब, तुमच्यासमोर ॲक्टिंगसुद्धा करायची सोय नाही." बाबा लाजायचे. घरात त्या तीन दिवसांत त्यांनी आईशी एक शब्दही काढला नाही. तो शब्द कधी ना कधी येणार, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

ऋतब्रतचा फोन आला, ओठ सुजल्यामुळे बोबडा. "मधुवंती, गुस्से में आदमी घड़ी उतारता है क्या?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "क्यों?" तो म्हणाला, "फुटेज देख ले." आणि त्याने फोन ठेवला.

मंगळवारी संध्याकाळी मी माझ्या खोलीत लॅपटॉप उघडला. गुरुवारी व्हिडिओ द्यायचा होता. आई पोहे घेऊन आली आणि पलंगावर बसली. "बघू तरी, कशी दिसतेय मी."

मी अकरावा टेक निम्म्या गतीवर लावला. गाणं जागेवर आलं, माणसाच्या आवाजात. ऋतब्रत घड्याळ ठेवतो. बाबा चौकटीत येतात. आणि मग, पाण्यातून चालल्यासारखे, ते डावा हात वर करतात, बकल सोडतात, पट्टा ओढून काढतात, घड्याळ फ्रिजवर दुसऱ्या घड्याळाशेजारी ठेवतात आणि बोटाने सरळ करतात. डोक्यात काही शिरलं नव्हतं म्हणे. शिरलेलं होतं, सगळं जागच्या जागी शिरलेलं होतं.

मी पुढे जाऊ दिलं आणि चित्र अचानक काळवंडलं. मला वाटलं, तितासचं काहीतरी चुकलं. मागे नेलं, पुन्हा लावलं. बाबा बकलला हात घालतात, आणि मागे, चौकटीच्या कडेला, आई वळते. ऋतब्रतकडे नाही, बाबांकडेही नाही. ती खिडकीशी जाते आणि एकेक दार ओढून घेते. पहिली खिडकी, दुसरी खिडकी, कडी. शेवटची कडी बसते आणि पहिला फटका पडतो. एका क्षणाचाही फरक नाही.

बकल काढायला जितका वेळ लागतो, तितकाच खिडक्या लावायला लागत होता. चोवीस वर्षांत दोघांचा वेग जुळला होता. मार खाणारा परका पोरगा होता, तरी तिचे पाय खिडकीकडेच गेले होते.

"परत लाव," आई म्हणाली.

मी लावलं. तिने चार वेळा पाहिलं. तिच्या मांडीवर पोह्यांची बशी तशीच होती.

"मला आठवतच नाही गं," ती म्हणाली. "मला वाटलं, मी त्या पोराला सोडवायला धावले." मग तिला रडू फुटलं, आणि मी तिला आयुष्यात पहिल्यांदा आवाज काढून रडताना ऐकलं. मलाही आवरलं नाही. मी म्हटलं, हे मी काढून टाकते, दुसरा टेक वापरते, कोणाला कळणारसुद्धा नाही.

"काढू नकोस. सगळं ठेव," ती म्हणाली. "खिडकीचंही ठेव."

दाराशी हालचाल झाली. बाबा उभे होते. या वेळी ते किती वेळ बघत होते, हे मला खरंच माहीत नाही. पडद्यावर त्यांचं बोट घड्याळ सरळ करत होतं. त्यांनी ते पाहिलं आणि ते हॉलमध्ये गेले.

हॉलमध्ये टीव्हीचा आवाज वाढला. बातम्या होत्या.

आई उठली. तिने पोह्यांची बशी माझ्या हातात दिली आणि डोळे पुसले. मी तिच्या मागे धावले. बाबा फ्रिजपाशी पाठमोरे उभे होते, उजवा हात डाव्या मनगटावर. आई त्यांच्या बाजूने गेली. तिने पहिली खिडकी उघडली, मग दुसरी. खाली मुलं बॅडमिंटन खेळत होती, त्यांचा गलका आत आला. मग तिने आमचं दार उघडलं, पार भिंतीला लागेपर्यंत, आणि ते मिटू नये म्हणून खाली मसाल्याचा जड पाटा टेकवला. समोर वासंतीकाकू जिन्यातल्या तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

आईने खुर्ची ओढली, बरोबर हॉलच्या मध्ये ठेवली, आणि बाबांकडे तोंड करून बसली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. या वेळी नुसती उभी नव्हते, तिचा खांदा धरला होता.

"हं," ती म्हणाली.

बाबा घड्याळ हातात घेऊन उभे होते. त्यांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग ते घड्याळ परत बांधायला लागले, आणि पट्ट्याचं भोक त्यांना काही केल्या सापडेना.