दोन मुठी कमी भरणारी पायली

मित्रांनो, मी सिंदेवाहीकडच्या आठवडी बाजारातली एक जुनी लाकडी पायली आहे. पायली म्हणजे धान्य मोजायचं माप. वजनकाटे आले तरी आमच्याकडे काही जणी अजून मापानंच डाळ विकतात, बरं का! बुधू सुतारानं शिवणीच्या बुंध्यातून मला कोरून काढलं आणि गळ्याशी पितळेची कडी बसवली. तेव्हा मी फार देखणी होते. आताही आहे, पण ते दुसऱ्यांनी म्हणायला हवं.

मला घेतलं गुणाबाईंनी. धानाच्या बांधावर पिकलेली तूर आणि उडीद त्या घरी भरडायच्या आणि डाळ बाजारात विकायच्या. मला शीग लागेपर्यंत भरायच्या. "गुणाबाईच्या मापात खोट नाई," असं लोक म्हणायचे आणि मला वाटायचं, ते माझंच कौतुक चाललंय.

पण एका पावसाळ्यात ओलसर कोपऱ्यात पडून राहिले आणि माझ्या बुडाला कीड लागली. बोट जाईल एवढं भोक पडलं, आजूबाजूला चिरा गेल्या, डाळ गळू लागली. गुणाबाईंचा मुलगा धनराज मोहर्लीला पर्यटकांच्या खोल्या रंगवायचं काम करतो. तो म्हणाला, "माय, फेकू नको वं. मी करून देतो तिले नवी." कामावर उरलेली भिंतीची पुट्टी त्यानं आणली आणि माझ्या बुडावर आतून जाड थापली. बाजूंनाही सढळ हात फिरवला. मी आतून अशी गुळगुळीत झाले की काय सांगू! माझा तर आनंद पोटात मावेना. पोटात जागाच कमी झाली आहे, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

जंगलाकाठच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, मंगली मोहफुलं आणि चारोळी विकायला बाजारात यायची. जाताना गुणाबाईंकडून डाळ न्यायची. एके दिवशी ती समोर येऊन उभी राहिली.

"गुणाबाई, मायं गाडगं तुमच्या दोन पायलीनं काठोकाठ भरे. आता उणंच राहून राह्यलं. अन् डाळीत पांढरे खडे निघून राह्यले."

गुणाबाई भडकल्या. "मी तुले लुबाडतो म्हनतं का वं?"

त्यांनी शेजारी बसणाऱ्या इसरूभाऊंचं लोखंडी माप मागून घेतलं. मला भरलं आणि सगळ्यांसमोर त्यात ओतलं. लोखंडी माप भरेना. गुणाबाईंनी एक मूठ टाकली, मग दुसरी टाकली, तेव्हा कुठे डाळ काठाला लागली. गुणाबाईंनी भर बाजारात दुकान आवरलं आणि मला पिशवीत घालून घरी आल्या.

"धनराज, लोकं मले चोट्टी म्हनतीन रे," एवढंच त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

"मी त चांगल्यासाठीच केलो, माय."

"चांगल्यासाठीच केला. पन डाळीच्या जागी तू भिंत बसवली ना रे!"

दुसऱ्या दिवशी धनराज कमी पडलेली डाळ आणि मला घेऊन मंगलीच्या टोल्यावर गेला. त्यानं माफी मागितली. "बाजारात भोकं भरायचा दोन नळ्यांचा मसाला भेटते. मिसळून भरला का दगडासारखा होते. तोच आणतो आता," तो म्हणाला.

"खायच्या चीजीत तसली दवाई कायले?" मंगली म्हणाली. "मायाजवळ पळसाची लाख हाये. ने."

मग दोघं माझ्या मागे लागले. पुट्टी खरवडताच पापडासारखी निघाली. भिंत जागेवर उभी असते, पण दाणे नीट बसावेत म्हणून मला दिवसभर जमिनीवर आपटतात. ती टिकणार कशी? कुजकं लाकूड त्यांनी निब्बर लाकूड लागेपर्यंत कोरून काढलं. मोठ्या भोकात लाख भरली नाही. तिथे शिवणीचीच खुंटी ठोकली, तिच्या रेषा माझ्या रेषांच्या दिशेनं ठेवून. चिरांसाठी लाख निखाऱ्यावर वितळवली, तिच्यात माझाच भुसा मिसळला आणि तापल्या सुरीनं आत दाबली. चटका बसला, पण ओरडायची सोय नव्हती. लाख थोडी वर राहू दिली, आणि निवल्यावर लाकडाला सपाट होईपर्यंत तासली. मंगलीनं आतून बोट फिरवलं. ते कुठेच अडलं नाही.

पुढच्या बाजारी गुणाबाई बसल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मायी पायली लहान झाली होती. मले ठाऊक नव्हतं. ज्यायनं डाळ नेली, त्यायनं यावं अन् दोन मुठी घेऊन जावं."

लोक लांबूनच बघत होते. जवळ कुणी येईना. गुणाबाईंचा हात डाळीवर तसाच राहिला. तेवढ्यात गर्दीतून मंगली आली आणि समोर बसली. इसरूभाऊंनी आपलं माप भरून माझ्यात ओतलं. डाळ बरोबर काठाला लागली.

"दोन पायल्या द्या," मंगली म्हणाली.

आमच्याकडे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. विकणाऱ्यानंच म्हणायचं असतं. गुणाबाईंनी मला उचललं, पण आता तो शब्द आपण म्हणावा की नाही, म्हणून त्या मंगलीकडे बघू लागल्या. तेव्हा मंगलीनं माझ्या काठाला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "लाभ!"

मग मागे पिशव्या उघडल्याचा आवाज आला.

मित्रांनो, जुन्या लाकडाला भोक पडलं तर ते फेकू नका. जरूर भरा. पण त्या वस्तूत काय ठेवायचं आहे, ते आधी बघा, आणि गेलंय तेवढंच भरा. पुट्टीवर माझा राग नाही. उरलेली धनराजनं घराच्या भिंतीला लावली, तिथे ती छान बसली आहे. राग मंगलीवरही नाही. ती त्या दिवशी बोलली नसती, तर गुणाबाईंच्या हातून मी रोज लोकांच्या तोंडचं काढत राहिले असते. तिचे उपकार आम्ही दोघीही विसरलो नाही. तेव्हापासून बाजारात पोचायला मंगलीला कितीही उशीर झाला, तरी ती येईपर्यंत गुणाबाई पहिलं माप भरत नाहीत.