आधी इथले

सीमेपलीकडची माणसं ट्रक भरभरून आली, तेव्हा गावाला धास्ती चोऱ्यामाऱ्यांची. मला धास्ती होती ती सरकारी दवाखान्यातल्या दोन डायलिसिस मशीनची. माझ्या नवऱ्याचं रक्त तिथं साफ होतं, म्हणून हे आहेत. आलेल्यांतही किडनीचे पेशंट निघालेच, आणि प्रत्येकाच्या चार तासांचे तीन तास झाले. यांचे पाय सुजायला लागले. घरी पाण्याचा घोट मी मापून देते आणि वर खेकसते, "पुरे आता!" भीतीनं माणूस खाष्ट होतं.

बाहेरच्या बाकावर त्यांच्यातली एक बाई माझ्या शेजारी बसायची. आमची भाषा तिला येत नव्हती. ती माझ्या नवऱ्याची सूज बघायची, मी तिच्या नवऱ्याची. खोटं कशाला बोलू, त्याची जास्त दिसली की मला हायसं वाटायचं. मग स्वतःचीच भीती वाटायची.

मंगळवारी एक मशीन बंद पडलं. टेक्निशियन दाराशी येऊन म्हणाला, "काकू, आज दोघांतला एकच घेता येईल. दुसऱ्याचं उद्या बघू."

यांना आत्ताच धाप लागली होती, उद्यापर्यंत काय राहिलं असतं?

"त्यात बघायचं काय? आधी इथले!" माझा आवाज नको तितका चढला. "जन्म गेला आमचा इथं. हे काल आले."

"तेही खरंच," तो म्हणाला.

बाईला शब्द कळले नसणार. पण तिनं नवऱ्याला काखेत धरून उठवलं आणि ती दोघं जिना उतरून गेली.

गुरुवारी ती आली नाहीत. मशीन अजून बंदच होतं. बाकावर बाजारातला एक म्हातारा दुकानदार बायकोसोबत बसला होता, नवा पेशंट.

"काकू, तुम्ही परवा बोललात ते साहेबांना पटलं," टेक्निशियन म्हणाला. "आता तसा नियमच केलाय. आधी गावातले."

"मग घ्या की यांना आत."

त्यानं मान खाली घातली. "तुमची वस्ती नाक्यापलीकडं ना? ती गावात धरत नाहीत."

त्यानं दुकानदाराला हात देऊन आत नेलं.

"काय गं," हे बाकावरून धापा टाकत विचारत होते, "आपल्याला कधी घेतायत?"