बिरूच्या वाडीचा गुणक

पलूसचा माणूस आजारी पडला तर सरकारला एकोणसाठ पैसे वाईट वाटावं आणि कोरेगावचा पडला तर सत्तेचाळीस पैसे, असं चौऱ्याहत्तर साली आमच्या ऑफिसनं ठरवलं. मी स्वतः कोरेगावचा. पण पगार ऑफिसचा असल्यामुळे मी काही बोललो नाही.

ऑफिस सांगलीत, हळदीच्या एका वखारीच्या वरच्या मजल्यावर होतं. सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे आमच्याकडं. तोवर प्रत्येक सरकारी दवाखान्याला औषधांसाठी रोग्यामागं पंचेचाळीस पैसे मिळायचे, सगळीकडं सारखे. आमचे निजसुरेसाहेब दिल्लीला सहा आठवड्यांचं ट्रेनिंग घेऊन आले आणि हा सारखेपणा त्यांना सहन होईना.

"बाळासो, रुपया सगळीकडं सारखा नसतो," ते म्हणाले. "जिथं आजारपण महाग, तिथं अनुदान जास्त. जिथं स्वस्त, तिथं कमी."

त्यासाठी एक तक्ता छापला. त्यात अकरा ओळी. रोग्याला डॉक्टरपर्यंत नेण्याचं भाडं, हाड बसवण्याची मजुरी, अशक्त माणसासाठी एक अंडं, पावशेर दूध, सुई उकळायचं जळण, असं सगळं. मी गावोगाव जाऊन हे भाव टिपायचे, दोन्ही जिल्ह्यांच्या सरासरीनं भागायचे, आणि येईल त्या आकड्याला गुणक म्हणायचं. पंचेचाळीस पैशांना गुणकानं गुणलं की त्या गावचा दर तयार. पलूसचा गुणक एक पूर्णांक बत्तीस आला, कारण तिथले ऊसवाले रोगी ट्रॅक्टरनं नेतात आणि ट्रॅक्टरवाला परतीचंही भाडं घेतो, रोगी परत येवो न येवो.

मग मी बिरूच्या वाडीला गेलो. विट्याच्या पुढं बारा मैल. त्यातले नऊ डांबरी सडकेनं, उरलेले तीन पायी. वाडी सगळी मेंढरंवाल्यांची. दवाखाना म्हणजे एक खोली, एक कपाट आणि मनुबाई नावाच्या नर्सबाई. त्याही कोरेगावकडच्या निघाल्या, म्हणून चहा मिळाला. दवाखान्याच्या पायरीवर एक म्हातारी श्वास गोळा करत बसली होती.

"ह्या हरणाबाई," मनुबाई म्हणाल्या. "दम्याच्या. रोज एक गोळी पोटात गेली की शेरडांमागं माळभर फिरतात. नाही गेली की भिंतीला टेकून बसतात, बोलायलाही वारा पुरत नाही."

हरणाबाईचा नवरा कोंडीबा. पाच गावांची हाडं तो बसवायचा.

सरपंच आप्पासो बिरोबाच्या देवळात भेटले. मी तक्ता उघडला.

"रोग्याला विट्याला न्यायला काय लागतं?"

"बाज लागती."

"तसं नाही. भाडं किती?"

"कशाचं?"

"बाजेचं."

"बाज त्येचीच असती की."

"मग उचलणाऱ्यांचं?"

आप्पासोंनी माझ्याकडं काळजीनं पाहिलं. "आवं पावनं, चार माणसांस्नी पैसं दिऊन बाजंवर पडून ऱ्हायचं म्हंजी लय अवघड हाय. मी तर उठून चालायलाच लागंन."

कोंडीबाला हाड बसवण्याची मजुरी विचारली. तो म्हणाला, "हाताला पैसा लागला की हात जातुय. बानं आन घातलीया. पैसा न्हाई, सुपारी बी न्हाई. एकदा एकानं बळंच नारळ दिला, तवा आठ दिस मला गुडघा आन् कोपर सारखंच लागत हुतं."

अंडं ज्याच्या कोंबडीनं घातलं तो देतो. आजाऱ्याचं दूध विकत नाहीत. जळण माळावर पडलेलंच असतं. मी अकरा ओळींत अकरा शून्यं भरली. शून्याला सरासरीनं भागलं तरी शून्यच येतं, हे मी दोनदा करून पाहिलं.

साहेब हरखले. असा गुणक दिल्लीतही कुणी पाहिला नव्हता. पंधरा दिवसांत वाडीला पत्र गेलं: 'आपल्या गावी आजारपणास काहीही खर्च येत नसल्याचे सिद्ध झाले आहे. सबब चालू वर्षी औषधांचे अनुदान निरंक. अभिनंदन.'

ते अभिनंदन घेऊन मनुबाई दोन एस.टी. बदलून सांगलीला आल्या.

"कपाटात हरणाबाईच्या तीस गोळ्या उरल्यात," त्या म्हणाल्या. "अर्धी अर्धी करून देतेय. त्या संपल्यावर तुमचा गुणक उगाळून पाजू का?"

मी म्हणालो, "फेरतपासणी मागता येते. साहेब स्वतः येतात. पण त्यांना वाडीत भाव दिसले पाहिजेत."

"म्हणजे लोकांनी एकमेकांना लुटायचं."

"फॉर्मात बसेल इतकंच."

वाडीत भाव ठरवायची सवय असलेला एकच माणूस होता, कृष्णात. त्याचं मदुरैला सोनं गाळायचं दुकान, आणि तो सुट्टीवर आला होता. त्यानं पहिल्या बैठकीतच सुचवलं की रोगी बाजेवर घालताना तोलावा, विट्यात उतरवताना परत तोलावा, आणि मधे जी घट येईल तेवढी उचलणाऱ्यांनी ठेवून घ्यावी. हे कुणाला पटलं नाही. मग त्यानं खिशातून दहा रुपयांची एक नोट काढली. भट्टीपाशी बसून बसून तिचा एक कोपरा जळला होता.

"माझ्याकडं येवढीच उरलीया. सुट्टं न्हाईत. हीच फिरवा."

त्यामुळे वाडीत प्रत्येक वस्तूचा भाव दहा रुपये ठरला. अंडं दहा, दूध दहा, काटक्यांची मोळी दहा, बाज दहा. रंगीत तालीम झाली. नोट अर्ध्या तासात सगळी वाडी फिरून कृष्णातकडं परत आली, आणि कुणाचं काही गेलं नाही, कुणाला काही मिळालं नाही. तरी काहींना ते आवडायला लागलं. राहीबाईनं सासूला तांब्याभर पाणी दिलं आणि हात पुढं केला. सासू म्हणाली, "नोट कुटं हाय सांग, आणून देते."

कोंडीबा मात्र हटून बसला. "नोट मी शिवणार न्हाई."

"रं गड्या, तुज्याच बायकूच्या गोळ्या हायत," आप्पासो म्हणाले.

"ठावं हाय."

शेवटी असं ठरलं की कोंडीबाची मजुरी त्याच्या शेळीच्या गळ्यात बांधायची. शेळीचा हात जाण्याचा प्रश्न नव्हता.

साहेब ठरल्या दिवशी आले. जीप सडकेवर सोडून, नवीन बूट घालून, तीन मैल चालून. मी तक्ता घेऊन मागं. देवळापुढं वाडी जमली होती.

"अंडं?" साहेबांनी विचारलं.

"धा रुपय," राहीबाई म्हणाली आणि नोट दाखवली.

साहेबांनी वर पाहिलं, मग लिहिलं. दूध, दहा. हाड बसवणं, शेळीकडं पाहून, दहा. बाज, आप्पासोंच्या हातात नोट, दहा.

साहेबांनी चष्मा काढला. "एक अंडं आणि चार माणसांनी बारा मैल उचललेला रोगी, दोन्हींचा भाव एकच?"

"अंडं लय ताजं असतंय," राहीबाई म्हणाली.

"त्या बाईच्या नोटेचा कोपरा जळलेला होता. शेळीच्याही. सरपंच, तुमच्याही. या गावातल्या सगळ्या नोटा जळक्या कशा?"

आप्पासोंनी आभाळाकडं पाहिलं. "औंदा ऊन लय हाय सायेब."

साहेबांनी नोटेचा नंबर तपासला, आकडेवारीतला माणूस कसा तपासेल तसा, तीनदा. मग अकराही ओळी खोडल्या, अकरा शून्यं घातली आणि जीपच्या दिशेनं चालू लागले. इतके तरातरा की ओढ्यात दगड आहेत हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. नवा बूट दोन दगडांत अडकला, साहेब पुढं गेले, घोटा मागं राहिला.

आम्ही पोचलो तेव्हा पाऊल भलतीकडं पाहत होतं. कोंडीबा गुडघ्यावर बसला, बूट काढला, आणि घोट्यावर हात ठेवून अदबीनं म्हणाला, "सायेब, गुणक म्हंजी काय वो?"

साहेबांना हा प्रश्न आजवर कुणीच विचारला नव्हता. दुखत असूनही त्यांचा चेहरा उजळला. "सोपं आहे. आधी सगळ्या गावांचे भाव घ्यायचे. मग त्यांची सरा..."

कट्ट असा आवाज झाला. सरासरी तशीच राहिली. पाऊल समोर पाहू लागलं.

मग साहेबांना दवाखान्याच्या पायरीवर बसवलं. मनुबाईंनी पट्टी बांधली. पट्टी होती, गोळी मागितल्यावर मात्र त्यांनी कपाट उघडून साहेबांनाच दाखवलं. एका फळीवर हरणाबाईच्या नऊ गोळ्या होत्या, दुसरीवर आमचं अभिनंदनाचं पत्र अंथरलेलं होतं. राहीबाईनं अंडं आणलं, कुणी शेळीचं दूध आणलं, चौघांनी बाज आणली. या वेळी कुणी हात पुढं केला नाही. खरा रोगी आल्यावर तालीम विसरले सगळे.

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी पाकिटातून स्वतःची, कोरी करकरीत, चारही कोपरे शाबूत असलेली नोट काढली आणि कोंडीबापुढं धरली.

"घे. मनापासून देतोय."

कोंडीबानं ती घेतली की दुसऱ्या ओळीत खरा आकडा येणार होता. शून्य फुटणार, गुणक थोडा का होईना वर येणार, कपाटात गोळ्या येणार. साहेबांच्या देखत घडलेला व्यवहार, पुरावाही नको. मनुबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पेन काढून ठेवलं होतं.

कोंडीबानं हरणाबाईकडं पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती. एक वाक्य बोलायला तिला तीन श्वास लागले.

"माज्याकडं काय बघतायसा. हात गेला तर... गावाची हाडं कोन बसवंल. माजा दम... मी बघते."

कोंडीबानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"शून्य," साहेब म्हणाले, पण आदरानं. बाजेवर आडवे झाले, तक्ता मागवून घेतला आणि आडव्यानंच सही केली. चौघांनी त्यांना तीन मैल उचलून जीपपर्यंत नेलं. वाटेत त्यांनी दोनदा पाणी मागितलं, तेही फुकट मिळालं.

आठवड्यानं साहेब ऑफिसात पाय स्टुलावर ठेवून बसले होते.

"बाळासो, सरकारी कामावर असताना मला इजा झाली. वैद्यकीय खर्चाचं बिल करू. लिही."

"खर्च झाला नाही, साहेब."

"झाला असता." त्यांनी डोळे मिटले. "बाजेचं भाडं, बारा मैल, चार इसम, अठ्ठेचाळीस रुपये."

"जीप तीन मैलांवर होती."

"दुखत बारा मैलांचं होतं. लिही. हाड बसवण्याची मजुरी, पंचवीस. दूध, साडेचार. अंडी, दोन रुपये. हळदीचा लेप, सात."

हळद खालच्या वखारीतनं मीच चिमूटभर मागून आणली होती. एकूण साडेशहाऐंशी झाले. पावत्यांवर अंगठे घ्यायला मला परत वाडीला पाठवलं.

मनुबाईंनी कपाट उघडलं नाही, नुसती चार बोटं दाखवली. अर्ध्या चार. त्यातली एक आज द्यायची होती.

मी कोंडीबाला पावती वाचून दाखवली. पंचवीस रुपये मिळाले, असं तीत होतं. तो बराच वेळ कागद उलटासुलटा करत राहिला.

"हे पैसं मला मिळाल्यात?"

"नाही."

"मिळनार हायत?"

"नाही. साहेबांना मिळणार आहेत."

"मग माजा हात कशानं जाईल?" त्यानं स्वतःलाच विचारलं, आणि डावा अंगठा शाईत बुडवला. उजवा त्यानं पाठीमागंच ठेवला होता.

बिल अकरा दिवसांत पास झालं. आमच्या ऑफिसातून इतक्या वेगानं तोवर काहीच पास झालं नव्हतं, फक्त साहेबांच्या मेव्हण्याची बदली सोडून. पैसे आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढं दोन कागद ठेवले. एक वाडीचा तक्ता, अकरा शून्यं. दुसरा बिलाची नक्कल.

"तक्त्याच्या मागचा पाचवा नियम आहे," मी म्हणालो. "मंजूर सरकारी बिलात दर असेल तर तोच गावचा दर धरावा. आपणच घातलाय. आता बाज, हाड, दूध, अंडं, चार ओळींना दर मिळतोय. पण दोन्ही कागदांवर आपलीच सही आहे, म्हणून विचारतोय. यातला खरा कुठला?"

साहेबांनी घोट्याकडं पाहिलं. घोटा उत्तम बसला होता.

"पैसे कुठल्या कागदावर मिळाले?"

"बिलावर."

"मग बिल खरं," साहेब म्हणाले आणि तक्ता फाडला.

बिरूच्या वाडीचा गुणक दोन पूर्णांक शून्य आठ आला. दोन्ही जिल्ह्यांत सगळ्यात वर. जिथं आजारी माणसाकडून कुणी पाण्याचेही पैसे घेत नाही ती वाडी आजारपणाला सगळ्यात महाग ठरली, आणि रोग्यामागं चौऱ्याण्णव पैसे मिळू लागले. औषधांची पेटी बाजेवर घालून चौघांनी सडकेवरून आणली. मनुबाईंना दुसरं कपाट मागावं लागलं. हरणाबाई पुन्हा शेरडांमागं माळावर दिसते. अख्खी गोळी अर्धीपेक्षा कडू लागते, अशी तिची तक्रार आहे. ती आता एका श्वासात करते.

पुढच्या महिन्यात पलूसहून अर्ज आला. आमचा गुणक दुष्काळी वाडीच्याही खाली गेल्यामुळे आमच्यावर अन्याय झाला आहे, तरी साहेबांनी फेरतपासणीस जातीनं यावं. पाटाच्या कडेला निसरडी जागा आहे, ती तशीच ठेवण्याची व्यवस्था केली आहे. येताना नवे बूट घालावेत.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि वर शेरा मारला: 'हाड बसवण्याचा स्थानिक दर आधी कळवावा.'